गंगेवरचे परीक्षक

चित्रकाराचं निसर्गाशी नातं एकांतात जुळतं, असं म्हणणाऱ्याला एप्रिलमधल्या बुधवारी नाशिकला, आमच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर आणून बसवावं. बाजाराचा दिवस. कोथिंबिरीच्या जुड्या, हातगाड्या, दशक्रियेला आलेली मंडळी आणि या सगळ्यांच्या पायात घडीच्या स्टुलावर मी. समोर १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ.

जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एका दमात खाली आणायचा. थांबलात की कड सुकते आणि डाग पडतो. आमच्या उन्हात ती ब्रश बुडवून आणेपर्यंत सुकते. लोकांना प्रश्नही नेमका तेव्हाच सुचतो.

"केवढ्याला देणार?" अजून आभाळच अर्धं होतं हो!

प्रमाण घ्यायला मी एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरली, तर फुलवाल्याचा चेहरा उतरला. "साहेब, कुंभमेळ्याची मोजणी का? आमची टपरी जाणार?" २०२७ जवळ आल्यापासून घाटावर हात लांब करून काही बघायची सोय राहिलेली नाही.

मग एक आजोबा आले. "पाणी चुकलंय." म्हटलं, आहे तेवढंच काढलंय. "ते दिसतंच आहे. पण गंगा म्हणजे कशी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेली पाहिजे!" नाशिककर पूर त्या मारुतीच्या अंगावरच मोजतो हे खरं, पण एप्रिलमध्ये? नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे, त्यांनीही हे घाट जलरंगात रंगवले. त्यांच्या पाठीशी कोण कोण उभं राहत असेल, देव जाणे.

शेवटी भाजीवाल्या मावशी. त्यांची छत्री मी निळ्या ठिपक्यात उरकली होती, ती त्यांनी लगेच ओळखली. "आणि ही शेजारची कशाला घेतलीस? ती माझ्या जागेवर बसलीय. पूस तिला."

"मावशी, जलरंग पुसला जात नाही."

"मग मला मोठी कर."

केली. काय करतो? मावशींनी मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला. जागेवरून वाद झाला तर दाखवायला. मी कोपऱ्यात झोकात सही ठोकली, तशा त्या वैतागल्या.

"तुझं नाव काय करायचंय? तारीख घाल."