मानमोडीला हळद-लसूण पुरत नाही: पन्नास पिल्लांच्या त्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात तिचं सासर. "आक्का, पिल्लं पेंगाय लागल्यात गं, सकाळधरनं पाच गेली." आदल्या दिवशी तिने दारावर आलेल्या टेंपोवाल्याकडून कोंबडीची पन्नास पिल्लं घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. पाणी पाजलंस का, विचारलं तर म्हणाली, "दोन दिवस पाणी द्यायचं नसतं न्हवं?" बल्ब लावलास का? "बल्बानं आंधळी हुत्यात म्हणं." हे सगळं तुला कोणी सांगितलं, म्हटल्यावर तिने एक मेसेज पाठवला. तोच मेसेज आमच्या बचत गटात आणि भावकीच्या ग्रुपवर आधीच फिरून गेला होता. तेव्हा मी वाचून सोडून दिला, याचा आता राग येतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पन्नास गावरान पिल्लं घ्या. दोन दिवस पाणी देऊ नका, जुलाब होतात. बल्ब लावू नका. लस अजिबात देऊ नका, तो कंपन्यांचा धंदा आहे, लसीने अंडी विषारी होतात. हळद-लसणाचं पाणी पाजा, मानमोडी (कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग) येत नाही. खाद्य विकत आणू नका, घरातलं खरकटं पुरतं. कोंबडा पाळलाच पाहिजे, नाहीतर अंडी मिळत नाहीत. आणि पाचव्या महिन्यापासून रोज ५० अंडी, अंड्याला १५ रुपये, महिन्याला साडेबावीस हजार.

आधी पाणी, कारण बहिणीची पिल्लं ते न मिळाल्यानेच गेली. पिल्लू अंड्यातून येताना बलकाचा उरलेला साठा पोटात घेऊन येतं, म्हणून खोक्यातला दीड-दोन दिवसांचा प्रवास त्याला सोसतो. मेसेजमधलं "दोन दिवस" इथूनच आलं असावं. पण तो साठा हॅचरीपासून तुमच्या दारापर्यंत येण्यातच खर्ची पडतो. पिल्लू घरी आलं की पहिलं काम पाण्याचं. एकेकाची चोच हलकेच पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. पहिल्या दिवशी थोडा गूळ घातला तर बरं. भांडं पसरट घ्यायचं आणि त्यात गोटे टाकायचे, नाहीतर पिल्लं पडून भिजतात आणि गारठतात.

बल्बाचं म्हणाल तर या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही फक्त खुडूक (अंडी-पिल्लांवर बसणारी) कोंबडी असली तर. आपल्या आज्यांनी कधी बल्ब लावले नाहीत हे खरं, कारण पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली असायची. टेंपोतून आलेल्या पिल्लांना आई कुठली? पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. पिसं नीट फुटायला चार-पाच आठवडे जातात. पौषातल्या पहाटे माणदेशात आपण दोन गोधड्या घेतो आणि ते कापसाएवढं पिल्लू उघड्या फरशीवर ठेवतो. पुठ्ठ्याचं गोल कडं करा, खाली भाताचं तूस पसरा, वर शंभर वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब. कडं गोलच हवं, कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे बघून कळतं: बल्बाखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोची उघडून बसली तर उष्मा, सगळीकडे पांगून टिपत असली तर ठीक. लाईट गेली तर बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी मात्र ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लंच काय, माणसंही गेलेली आहेत.

आता लस. बाकीच्या चुकांनी पाच-दहा पिल्लं जातात, या एका चुकीने आख्खं खुराडं रिकामं होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या परड्यात २३ कोंबड्या होत्या. एका सकाळी एक तुर्रेवाली कोंबडी भिंतीला धरून उभी दिसली. हिरवट पातळ हगत होती. दुपारी तिची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळली. दाणा टिपायला जायची आणि चोच वीतभर बाजूला पडायची. संध्याकाळी ती स्वतःभोवती गोल गोल फिरत होती. आईने लसूण ठेचून घातला, हळद पाजली, शेजारणीने सांगितला म्हणून कांदाही भरवला. पाच दिवसांत २१ गेल्या. तेव्हा "हळद-लसूण देऊन तर बघा" हे मला कोणी सांगू नये. आम्ही दिलं होतं. लसूण विष नाही, रोज घाला हवा तर, पण मानमोडीवर औषधच नाही. आलेला रोग बरा करता येत नाही, फक्त येण्याआधी अडवता येतो.

"पूर्वी हे रोग नव्हते, लसीमुळे आले," असंही मेसेजात आहे. मानमोडी हा शब्द आपल्या खेड्यातला आहे. मान मोडणारा रोग, असा त्याचा अर्थ. शास्त्रज्ञ त्याला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो पहिल्यांदा उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंदवला गेला, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १९२६ साली सापडला त्याच्या लगोलग. लस त्यानंतर तयार झाली.

आणि हे बघा. वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने खास परसात, मोकळ्यावर पाळण्यासाठी तयार केल्या. काटक, उकिरड्यावर चरून जगणाऱ्या. तरीही त्याच संस्थेच्या शिफारशीत लसींचं वेळापत्रक आहे: पहिल्या दिवशी मॅरेक्स रोगाची, पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस), दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची, पुढे देवीची आणि मानमोडीची टोचणी. ज्यांनी परसातला पक्षी घडवला, ते लस द्या म्हणतात. मेसेज लिहिणाऱ्याचं तर नावही खाली नाही.

अंडी विषारी होतात हे तर हिशेबातही बसत नाही. लासोटाचा एक थेंब सातव्या दिवशी डोळ्यात पडतो, पहिलं अंडं येतं पाच-सहा महिन्यांनी.

"लस देऊनही मेल्या" हे मात्र लोक खोटं बोलत नाहीत. असं होतं. लस जिवंत विषाणूंची असते, २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. कराडहून एसटीने पिशवीतून उन्हात आणली की ती वाटेतच मरते. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यातून पाजली तरी मरते. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, संध्याकाळी गारव्यात सोबतच्या द्रावणात विरघळवायची, आणि तासा-दोन तासांत संपवायची. पिल्लू मुठीत धरून डोळ्यात एक थेंब, आणि ते डोळा मिटेपर्यंत सोडायचं नाही. तारखा आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

खाद्याचं: मोठी कोंबडी चरून बरंच पोट भरते, पण पिल्लाला पहिले सहा-आठ आठवडे साधारण वीस टक्के प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) लागतं. नुसत्या कण्यांवर ते वाढत नाही. कोंबड्याचं: अंडं कोंबड्याशिवायही येतं, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

राहिले साडेबावीस हजार. एक अंडं तयार व्हायलाच चोवीस तासांहून जास्त लागतात, त्यामुळे सगळ्या कोंबड्यांनी वर्षभर रोज अंडी द्यावीत हे घडत नाही. पन्नासात निम्मे कोंबडे निघतात. मरतूक धरून वीस माद्या हाती राहिल्या समजा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधे खुडूक बसते. वीस कोंबड्या, साठ अंडी: वर्षाला १२००, महिन्याला १००, म्हणजे दीड हजार रुपये. ग्रामप्रिया मोकळ्यावर वर्षाला १६० ते १८० देते, तिचे चार-साडेचार हजार धरा, आणि त्यातून खाद्याचा खर्च वजा करा. भाजीचा खर्च निघतो, पोरांना घरची अंडी मिळतात, एवढं मिळतं आणि ते मला पुष्कळ वाटतं. पण साडेबावीस हजाराच्या आशेवर कोणी बचत गटाचं कर्ज काढू नये. कागदावरच्या कोंबड्यांच्या हिशेबाने माणसं कशी बुडतात, हे सांगली-साताऱ्याने २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीपालनातल्या फसवणुकीच्या प्रकरणात पाहिलं आहे.

बहिणीने त्या रात्रीच पाणी पाजलं, बल्ब टांगला. पन्नासातली ४१ राहिली, आता टिपतायत. शनिवारी थर्मास घेऊन मी जातेय. कुपी शंभर डोसांची आहे, म्हणून शेजारच्या काकूंनाही त्यांची तीस पिल्लं डालग्यात घालून आणायला सांगितलंय.