मुंग्यांमागची मारामारी

माझ्याकडे एक व्हीसीआर आहे आणि तो चालतो. हे वाक्य मी ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात लोक ‘आमचे आजोबा ९२ वर्षांचे आहेत आणि अजून आपले आपण हिंडतात’ असं सांगतात. आजोबांसारखाच त्यालाही उठायला वेळ लागतो, उठताना पोटातून कण्हल्याचा आवाज येतो आणि काळवेळेशी त्याचं नातं संपलेलं आहे. त्याच्या कपाळावर कायमचे बारा वाजलेले असतात.

त्याच्या जोडीला एक कपाटभर कॅसेट्स आहेत. एकूण ६३. त्यातल्या ६१ कॅसेट्समध्ये कोणी ना कोणी कोणाला तरी लाथ मारतं. उरलेल्या दोन आमच्या लग्नाच्या.

गेल्या आठवड्यात बायको त्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अहो, हे काळं काळं सगळं इथून कधी हलणार?”

“हलणार म्हणजे? कुठे?”

“जिथे न्याल तिथे.”

पोरानं फोनमधून मान वर न काढता आईची बाजू घेतली. “बाबा, हे सगळं आता कुठेही मिळतं. एकदम स्वच्छ प्रिंट.”

स्वच्छ प्रिंट मी एकदा पाहिली आहे. माझ्या एका लाडक्या लढाईच्या मागे चक्क डोंगर निघाला. मी इतकी वर्षं ते धुकं समजत होतो आणि धुक्यात शत्रू बरोबर कसा दिसतो, याबद्दल नायकाला मनातल्या मनात दाद देत होतो. स्वच्छ प्रिंटनं ती दाद परत घ्यायला लावली.

ज्यानं हे कुंग-फूचे सिनेमे फक्त थिएटरात पाहिले, त्याला त्यांची खरी गोडी कळलेली नाही, असं माझं मत आहे. लाथ ही फार अल्पायुषी गोष्ट. थिएटरात ती एकदाच बसते. नेमक्या त्या वेळी पापणी लवली, की शेजाऱ्याला विचारावं लागतं, “कुठे लागली?” घरी मात्र लाथ आपल्या हुकमात. रिवाइंड दाबलं की चारी मुंड्या चीत पडलेला खलनायक हवेतून उलटा तरंगत येतो, पायावर उभा राहतो आणि पुन्हा मार खायला हजर. इतका आज्ञाधारक माणूस माझ्या घरात दुसरा नाही.

जॅकी चॅनला हे मर्म बरोबर समजलं होतं. १९८५च्या ‘पोलिस स्टोरी’त तो मॉलच्या वरच्या मजल्यावरून झेप घेतो, दिव्यांच्या माळा गुंडाळलेला खांब पकडतो आणि दिवे तडातड फोडत, काचेचं छप्पर फोडत तळाशी येऊन आदळतो. त्यात त्याचे तळहात भाजले. एवढं सोसल्यावर त्यानं तो प्रसंग सिनेमात एकदा दाखवून सोडला नाही. वेगवेगळ्या बाजूंनी लागोपाठ तीनदा दाखवला. म्हणजे प्रेक्षकाच्या वतीनं रिवाइंडही त्यानंच करून टाकलं! सिनेमात काच इतकी फुटली की स्टंट करणारी मंडळी त्याला गमतीनं ‘ग्लास स्टोरी’ म्हणायची. त्या तीन वेळांवर मी समाधान मानलं नाही, ही माझी चूक. तिची शिक्षा पुढे येतेच आहे.

घरच्या पडद्यावर या सिनेमांचे हालही कमी झाले नाहीत. मूळ सिनेमा पसरट, रुंदी उंचीच्या २.३५ पट. तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी, ४ बाय ३. पडदा भरायचा म्हणून दोन्ही बाजू छाटल्या की १०० भागांतले ४३ भाग कापले जातात. आता कुंग-फूच्या लढाईत दोन माणसं कुठे उभी असतात? दोन टोकांना. माझ्याकडच्या एका कॅसेटमध्ये अख्खी लढाई मधल्या टेबलाची आहे. डावीकडून ‘हाऽऽ!’ ऐकू येतं, उजवीकडून ‘आऽऽ!’ आणि टेबल जागच्या जागी स्थितप्रज्ञ. अधूनमधून एक पाय त्याच्यावरून जातो. कोणाचा, ते चपलेवरून ओळखायचं.

कॉलेजात असताना मी या सिनेमांवरून स्वतः शिकायचाही प्रयत्न केला होता. टीव्हीसमोर उभा राहून त्यांच्याबरोबर हातपाय चालवायचे. पण काही केल्या मी मागेच पडायचो. ते वळून उभे राहिलेले आणि माझा पाय अजून हवेत. याचं कारण मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून मी ते भेटेल त्याला सांगत असतो. सिनेमाच्या चौकटी सेकंदाला २४. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या टीव्हीला लागायच्या २५. म्हणून कॅसेटवर घेताना सिनेमा थोडा पळवायचे, साधारण ४ टक्क्यांनी. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत आटपायचा. त्यात लढाईचं चित्रीकरणच मुळात कॅमेरा हळू फिरवून करायची पद्धत, म्हणजे पडद्यावर हात अधिक वेगानं चालतात. थोडक्यात, दोष माझ्या गुडघ्यांत नव्हता. हे मी बायकोला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं ‘मग उरलेले ९६ टक्के?’ असं विचारलं. माणसानं संसारात गणित आणू नये.

नानचाकूच्या, म्हणजे साखळीनं जोडलेल्या दोन दांडक्यांच्या वाटेला मात्र मी एकदाच गेलो. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डानं बरीच वर्षं नानचाकूची दृश्यं सिनेमांतून कापली. लोक त्या बोर्डाला नावं ठेवतात. मी नाही ठेवत. माझा डावा कान बोर्डाच्या बाजूचा आहे.

कॅसेटचा सगळ्यात मोठा शत्रू घरातलाच माणूस असतो. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचा एक इवलासा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मी सगळ्या कॅसेट्सचे तुकडे मोडून निर्धास्त होतो. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड करता येतं, हे दादाला ठाऊक होतं. माझ्या एका सिनेमातला शिष्य दीड तास गुरूच्या खुन्याला शोधत हिंडतो, रक्तबंबाळ होऊन डोंगर चढतो, वाड्याच्या दाराला लाथ घालतो, दार धाडकन उघडतं आणि आतून एक बाई सांगते की येत्या २४ तासांत आकाश अंशतः ढगाळ राहील. तो सूड मी अजून पाहिलेला नाही. दादाला विचारलं, तर म्हणाला, “अरे, जिंकतोच तो शेवटी.” एवढ्या वर्षांत त्यानं माफी मागितलेली नाही. आणि त्या दिवशी आकाश अंशतः ढगाळ होतं की नाही, हेही त्याला आठवत नाही.

रिवाइंडची मोठी बहीण म्हणजे पॉज. ब्रूस ली गेला १९७३ साली आणि त्याचा अपुरा राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ दुसऱ्या नटांना उभं करून १९७८ साली पुरा केला गेला. त्यात एका ठिकाणी नायक आरशासमोर बसलेला दिसतो आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचा कापलेला फोटो चिकटवलेला आहे. मी ते दृश्य पॉज करून नाकाला नाक लावून पाहिलं. फोटोची कडा दिसते! त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या मोठ्या सिनेमाच्या लोकांनी अडचणीतून काढलेला मार्ग आणि मी शाळेत प्रगतिपुस्तकावरच्या सहीसाठी काढलेला मार्ग एकाच जातीचा होता.

पण पॉज केलं की फीत थांबते, ती वाचणारं हेड थांबत नाही. पॅलच्या मशीनमध्ये ज्या गोल ड्रमवर हेड बसवलेलं असतं, तो सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि थांबलेल्या फितीचा तोच एक तुकडा घासत राहतो. म्हणून मशीन काही मिनिटांनी आपणहून पॉज सोडून देतं. शहाणं असतं ते. मी पुन्हा पॉज करायचो.

याचा परिणाम भाड्यानं आणलेल्या कॅसेट्सवर तेव्हाच दिसायचा. संवाद चालू असताना चित्र लख्ख. मग अचानक पडद्यावर मुंग्या यायला लागल्या, की समजावं, आता काहीतरी जबरदस्त येतंय. आपल्याआधी शंभर जणांनी तिथेच थांबून, मागे जाऊन, पुन्हा पाहिलेलं आहे. परीक्षण वाचायची गरज नाही. मुंग्या जितक्या दाट, तितकी लाथ चांगली.

तर परवा पोराला म्हटलं, ये, बस, आज तुला दाखवतोच. ‘पोलिस स्टोरी’ घातली. मशीन कण्हलं. ट्रॅकिंगचं बटण फिरवून फिरवून तळाची थरथरती पट्टी खाली ढकलली. पोरगा बऱ्यापैकी शांत बसला होता. मॉल आला. काचा फुटायला लागल्या. त्यानं फोन उलटा ठेवला, तेव्हा मला भरून आलं. जॅकी चॅन कठड्यावर चढला, खांबाकडे बघितलं, श्वास घेतला आणि मुंग्या आल्या.

सगळा पडदा मुंग्यांनी भरून गेला. माझ्याच मुंग्या. इतक्या वर्षांत तो प्रसंग मी इतका पाहिला होता, की तो उरलाच नव्हता.

आवाज मात्र ठणठणीत. साध्या मशीनमध्ये आवाज फितीच्या कडेला वेगळा असतो आणि त्याचं हेड फिरत नाही, त्यामुळे तो झिजायचा राहून गेला. मुंग्यांमागून एक लांबलचक किंकाळी आली, तडतड तडतड झालं, मग खळ्ळ्! पुन्हा किंकाळी, तडतड, खळ्ळ्! पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. “पडला वाटतं म्हातारा?”

“कोण म्हातारा?”

“तोच हो. जिन्यावरून पडतो तो. काचेची भांडी घेऊन.” ती टॉवेलची घडी घालत दारात आली. “आता तिसऱ्यांदा पडेल बघा.”

किंकाळी, तडतड, खळ्ळ्!

तिनं हे सिनेमे कधी पाहिलेच नव्हते, फक्त आतून ऐकले होते. त्या काळी हाँगकाँगचे बरेच सिनेमे मुकेच चित्रित करायचे आणि आवाज मागून भरायचे. इंग्रजी आवाज द्यायला ठरलेली मोजकी मंडळी, त्यामुळे विशीतला नायक आणि त्याचा साठीचा गुरू एकाच घशातून बोलायचे. माझ्या कॅसेटवर जॅकी चॅनच्या वाट्याला आलेला घसा निवृत्त माणसाचा आहे.

“एवढं वय झालंय,” बायको सांगत होती, “नवीन घरात बिऱ्हाड हलवायचंय, भांडी जड आणि तीन धडधाकट मुलगे नुसते उभे राहून आरडाओरडा करतात. एक जण हातातलं घेत नाही त्याच्या. मला तर आतल्या आत राग यायचा.”

“मुलगे तीन कशावरून?” पोरानं विचारलं.

“तीन वेगवेगळे आवाज आहेत ना. थोरला सारखा दारं आपटतो. धाकटा जरा बरा आहे.”

“मग? शेवटी येतात का मदतीला?”

“येतात ना. पण आपापसांत मारामारी करत.” ती सोफ्याच्या कडेला टेकली. “आता ऐक. आता थोरला कपाट पाडतो.”

पोरानं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि आवाज वाढवला.