"मीठ कुठे असतं गं?"

नमस्कार. मोठ्या माणसाला घरातलं एवढं तरी आलंच पाहिजे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की स्वयंपाक, सिलिंडर बदलणं, बँकेचे फॉर्म, पंक्चर काढणं याला 'जीवनकौशल्य' असं भारदस्त नाव देण्यात काही अर्थ नाही. तुमच्या आईबाबांच्या संसाराला ४२ वर्षं झाली. बाबांनी कधी चहाचं आधण ठेवलं नाही, आई कधी बँकेची पायरी चढल्या नाहीत, "काय बिघडलं?" ज्याचं काम त्यानं करावं, उरलेल्यासाठी ॲप आहेत, आणि वेळ आली की माणूस आपोआप शिकतो.

पंक्चरचं मान्य. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला स्टेपनी बदलता आली पाहिजे, असा हट्ट मी धरायला नको होता. ती ओळ काढली आहे. पुरुषांबद्दलची दोन वाक्यं लागट उतरली होती, तीही बदलली. पण "काय बिघडलं" याचं उत्तर मला नीट द्यायचंय, कारण आमच्याही घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय आणि बरीच वर्षं मला ते पटतही होतं.

आमच्याकडे अगदी तुमच्यासारखीच वाटणी. अण्णा साताऱ्यात गणिताचे शिक्षक. वीजबिल, घरपट्टी, विम्याचे हप्ते, सगळं तारखेच्या आत. आईकडे स्वयंपाकघर. सहा वर्षांपूर्वी आई गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मी पुण्याला परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला अण्णांचा फोन. "मीठ कुठे असतं गं?"

आईनं डब्यांवर कधी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या, तिला गरजच नव्हती. मी फोनवरून सांगत गेले : ओट्याच्या वरची फळी, डावीकडून तिसरी बरणी, पिवळ्या झाकणाची. झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यांनी बोट बुडवून चव घेतली असणार. "हो, मीठच आहे," म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्या फळीपासून चार पावलांवर बसून त्यांनी ४७ वर्षं पेपर वाचला होता.

ते उपाशी राहिले नाहीत. आम्ही जेवणाचा डबा लावला. तुम्ही म्हणता तो ॲपचा मार्ग आमच्यासाठी हाच होता, आणि वर्षभर तो चाललाही. पुढच्या जुलैत एक दिवस पावसानं डबेवाल्या काकूंना यायला जमलं नाही. अण्णांनी मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळेला घेतली आणि डब्याची वाट बघत बसले. या प्रकारातल्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकलं तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली उतरते. दोन-अडीचच्या सुमारास शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या तेव्हा ते घामानं ओलेचिंब, हात थरथरत, बोलणं तुटक. वहिनींनी पटकन साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. घरात तांदूळ होते, डाळ होती, कुकर होता, सिलिंडर भरलेला होता. माझे गणिताचे शिक्षक असलेले वडील या सगळ्याच्या मधोमध बसून भुकेनं कोसळायच्या बेतात होते. हे बिघडलं.

तेव्हा मी रजा टाकून आठ दिवस साताऱ्याला राहिले. चहा, कुकर आणि पिठलं, एवढंच शिकवायचं ठरवलं. चहा पहिल्या दिवशी जमला. कुकरची त्यांना भीती वाटायची. आत पाणी घातलंय ना, गॅस्केट नीट बसलंय ना, शिट्टीच्या नळीत काही अडकलं नाही ना, हे बघायचं आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, एवढं त्यांनी वहीत लिहून घेतलं. फोडणी मात्र तीन दिवस जळली. तेल किती तापलं हे कळायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर शब्दांत देता येईना. शेवटी मी म्हटलं, मोहरीचा एकच दाणा टाका, तो लगेच तडतडला की बाकीची घाला, ती उडायची थांबता थांबता जिरं आणि हिंग, मग गॅस बारीक करून हळद, आणि लगेच कांदा. हळद शेवटी का, तर ती आधी जळते. "म्हणजे क्रम आहे," ते म्हणाले. त्यानंतर फोडणी जळली नाही.

सिलिंडरही शिकवला, कारण तोवर दर वेळी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. दोरी ओढून झाकण काढायचं, आतली रबरी रिंग जागेवर आहे का बघायचं, रेग्युलेटर बंद ठेवून त्याची कड वर उचलायची, व्हॉल्व्हवर दाबून बसवायची आणि सोडायची. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं, काडी पेटवून कधीच नाही. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून उंचावरची एकटी खिडकी उघडून भागत नाही. मदत येईपर्यंतची ती पाच-दहा मिनिटं घरात जो असेल त्याच्यावरच असतात.

आता वाटणीची दुसरी बाजू, कारण हा फक्त पुरुषांचा प्रश्न नाही. माझी नाशिकची मावशी वीस बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालवायची, हिशोब सगळा तोंडी, पैशाचा घोळ एकदाही नाही. काका अचानक गेले. सगळ्या ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि नॉमिनी कोण, तर त्यांची आई, जिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. लग्नाआधी भरलेलं नाव दर नूतनीकरणाला तसंच पुढे आलेलं. नॉमिनी हयात नाही म्हटल्यावर वारसांची कागदपत्रं, सगळ्यांची संमती, हमीपत्र हे सगळं आलं. दिवसकार्याच्या खर्चासाठी मावशीनं स्वतःच्या खात्यातून पैसे काढायचे ठरवले. पैसे काढायची स्लिप मी तिच्यासमोर धरली. 'रक्कम अक्षरी' या ओळीवर ती थांबली, मला विचारून लिहिलं, खाली सही केली. खिडकीतून स्लिप परत आली, सही जुळत नाही. खातं उघडताना तिनं पूर्ण नाव लिहिलं होतं, आता घाबरून आद्याक्षरं. दुसऱ्या स्लिपवर तिचा हात इतका कापत होता की मीच तिला बाकावर बसवलं. सही नव्यानं नोंदवून काम झालं, पण त्या खिडकीसमोर तिला जे वाटलं ते मी विसरू शकत नाही. ती मला हळूच म्हणाली, "मी अडाणी नाही गं."

म्हणून लेखात नॉमिनीवर मी इतकं लिहिलं होतं. तुम्हाला ते रटाळ वाटलं, पण आणखी दोन गोष्टी सांगतेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीनं पैसे स्वीकारणारा. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलंय. दहा वर्षं कुणी दावा न केलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या नंतरही परत मिळवता येतात, 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर शोधताही येतात, पण ठेव होती हे घरात कुणाला तरी माहीत असलं तर ना.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे वेळ आली की माणूस शिकतो. अण्णा शिकले, मावशीही शिकली, खरं आहे. पण ती वेळ कोणती होती बघा. ज्या माणसाकडून हे सहज शिकता आलं असतं तोच गेला होता, आणि शिकणारा पुरता मोडलेला. अण्णांना आईच्या हातचं पिठलं कसं करायचं ते आईनंच दाखवलं असतं, तर मला फोडणीचं ते तोडकंमोडकं गणित मांडावं लागलं नसतं. आपोआप शिकण्याला लागणारी किंमत त्या एका वर्षात मी जवळून पाहिली.

आणि 'ज्याचं काम त्यानं' ही वाटणी वाटते तेवढी बरोबरीची नसते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला हात लावणारे पुरुष २६ टक्के होते आणि बायका ८१ टक्के. तुमच्या आईंना ताप आला त्या दिवसांत चहा कुणी केला, हे मला खरंच विचारायचंय. टोमणा नाही. कदाचित तुम्ही केला असेल.

हे शिकवता येत नाही, असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम ही हातानं काम करत शिकवणारी संस्था सुरू केली. तिथून आठवी ते दहावीच्या शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात वर्कशॉप, वीज, शेती आणि गृह-आरोग्य ही चारही कामं मुलगे-मुली दोघंही करतात. मुलगा स्वयंपाकाच्या तासाला असतो आणि मुलगी वेल्डिंगच्या. अण्णांच्या पिढीला हे मिळालं नाही, यात त्यांचा दोष नाही.

अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. डबा अजून येतो, पण रविवारी ते बंद ठेवायला सांगतात. डब्यांवर त्यांच्या सुबक अक्षरात चिठ्ठ्या आहेत. मिठाच्या बरणीवर मात्र त्यांनी लावलेली नाही.

तुमचे आईबाबा दोघंही आहेत, म्हणून एक विनंती करते. येत्या रविवारी आईंनी ओट्याला हात न लावता शेजारी बसून सांगावं आणि बाबांनी चहा करावा. तो होईपर्यंत तुम्ही कपाटातल्या ठेवींच्या पावत्या काढून नॉमिनीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते आईंना वाचून दाखवा. काय निघालं ते इथे जरूर कळवा.