लोम्बार्दोची लोकप्रियता केवळ टकलामुळे?

इटलीचा निवृत्त फुटबॉलपटू, मैदानाच्या कडेने खेळणारा विंगर अत्तिलियो लोम्बार्दो याच्याविषयी एक विधान सर्रास केले जाते: लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या क्लबचे चाहते त्याचे नाव अजून घेतात ते टकलामुळे आणि प्रशिक्षक म्हणून त्याची जी फजिती झाली तिच्यामुळे, वास्तविक १९९७ मध्ये तो आला तेव्हा त्याची सद्दी संपली होती आणि त्याच हंगामात संघ तळाला गेला.

टकलाचा मुद्दा निराधार नाही. पॅलेसचे बोधचिन्ह गरुड असल्याने त्याला ‘टकला गरुड’ हे नाव चिकटणारच होते; इटलीत तर तो कार्टूनमधल्या खलाशावरून ‘पॉपाय’च होता. पण टोपणनावामुळे खेळाडू ओळखला जातो, त्याला मते पडत नाहीत. २००५ मध्ये पॅलेसच्या चाहत्यांनी क्लबचा शतकातला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा इयान राइट आणि केनी सॅन्सम या क्लबच्या नामवंतांच्या बरोबरीने जेमतेम दीड वर्ष तिथे खेळलेल्या लोम्बार्दोलाही त्यांनी त्या अकरांत घेतले.

सद्दी संपल्याचा आरोप तर तारखांपुढेच टिकत नाही. आधीच्या युव्हेंटस या इटालियन क्लबमध्ये पाय मोडल्याने त्याचा बराच काळ वाया गेला, हे खरे. तरीही १९९७ च्या इटालियन विजेतेपदाचा तो वाटेकरी होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅलेसकडून पहिल्याच सामन्यात, तोही एव्हर्टनच्या मैदानावर, त्याने गोल केला आणि नुकताच वरच्या श्रेणीत आलेला संघ २-१ असा जिंकला. पुढे १९९९ मध्ये तो लाझिओ या इटालियन क्लबकडे गेला आणि २००० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुन्हा इटलीचा विजेता झाला. संपलेल्या माणसाचा हा आलेख नव्हे.

संघ ३३ गुणांसह तळाला राहिला, हे मात्र निर्विवाद. घरच्या मैदानावरचा लीगमधला पहिला विजय एप्रिल उजाडल्यावर मिळाला, यावरून त्या संघाची अवस्था कळावी. पण दुखापतीमुळे लोम्बार्दो हंगामाचा मोठा भाग बाहेर होता. तो नसतानाची घसरणही त्याच्याच खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. मार्चमध्ये इंग्रजी जेमतेम येणाऱ्या या खेळाडूकडे प्रशिक्षकपद सोपवून संघातल्याच स्वीडिश खेळाडू तोमास ब्रोलिनला त्याचा साहाय्यक आणि दुभाषी करण्यात आले. हा प्रकार हास्यास्पद होता यात शंका नाही, पण हसायचेच तर नेमणूक करणाऱ्यांना हसावे. डर्बी काउंटी या क्लबविरुद्धचा तो पहिला घरचा विजय त्याच्याच कारकिर्दीत मिळाला, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

शिवाय या विधानात जेनोवा शहर कुठेच नाही. तिथल्या साम्पदोरिया या क्लबने १९९१ मध्ये आपले आजवरचे एकमेव लीग विजेतेपद मिळवले, तेव्हा उजव्या बाजूने धावत व्हियाली आणि मान्चिनी या आघाडीच्या खेळाडूंना चेंडू पुरवणारा लोम्बार्दोच होता. तिथे त्याचे नाव निघते ते या धावण्यासाठी, आणि ही कीर्ती लंडनला जाण्याच्या सहा वर्षे आधीची आहे.