डोळ्यातलं अमायलॉइड वरणातून येत नाही

आर्वीकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. डोळ्यात फूल पडतं ते 'अमायलॉइड' नावाचं प्रोटीन साचून, म्हणून डाळ-अंडी बंद करा. कांद्याचा रस नि मध डोळ्यात घाला, ते विरघळतं, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. मामाजींनी वरण सोडलं, असं आईने फोनवर सांगितलं आणि मी लिहायला बसले. प्रयोगशाळेत माझं काम याच प्रथिनावर चालतं.

कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, अमायलॉइड साचतं हे खरं. पण ते डाळीचं नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात नि आतड्यात तुटतं, अख्खं डोळ्यापर्यंत पोचत नाही. जाळीसारख्या रेषा उमटणाऱ्या आनुवंशिक आजारात कॉर्निया स्वतःच सदोष प्रथिन बनवतो. टीजीएफबीआय जनुकातल्या चुकीमुळे प्रथिनाच्या साखळीत १२४व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन येतं नि त्याचे तंतू, म्हणजेच अमायलॉइड, साचत जातात. हा दोष १९९७ साली सापडला. आई किंवा वडील, एकाला असला तरी प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. असा कॉर्नियाचा काप काँगो रेडने रंगवला की साध्या उजेडात विटकरी दिसतो. ध्रुवीकरणाच्या काचा फिरवल्या की त्याच रेषा कच्च्या सफरचंदासारख्या हिरव्या चमकतात. कितीदाही पाहिलं तरी मी थबकते.

आता 'विरघळतं'. नळीत आम्ही प्रथिनाच्या तुकड्याचे तंतू होऊ देतो, मग ते कशाने तुटतात ते तपासतो. नळीत तुटले म्हणजे औषध सापडलं असं नाही. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, तरी त्याचा वरचा थर बरीचशी द्रव्यं आत जाऊ देत नाही, आणि पेशी तर प्रथिन बनवतच राहतात. दुसऱ्याचा कॉर्निया बसवल्यावरही काही वर्षांनी रेषा परत येऊ शकतात.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. हा आनुवंशिक आजार विरळा. आपल्याकडे वावरात काम करणाऱ्याच्या डोळ्यात फूल पडतं ते बहुतेकदा जखमेने: पऱ्हाटीची काडी, सोयाबीन काढताना उडालेला कचरा. त्या जखमेत बुरशी शिरते. कांद्याचा रस आणि मध निर्जंतुक नसतात, वर उपचाराचे दिवस वाया जातात. दुकानातून मनानेच आणलेले स्टेरॉइडचे थेंब बुरशीला आणखी फोफावू देतात. डोळ्याला काही लागलं, लाली आली, पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

मामाजींचं फूल मी शाळेत असताना पडलं, तुराटी लागून. तो जुना व्रण आहे, रसाने जाणार नाही. आईला म्हटलं, ती बाटली फेक आणि आज त्यांना वरण वाढ.