बर्फात एक्सपोजर कमी करण्याचा सल्ला कुठे चुकतो

दर हिवाळ्यात गुलमर्ग, सोलंग किंवा स्पितीकडे निघालेल्या मंडळींना छायाचित्रणाचा एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो. त्याचा आशय थोडक्यात असा: बर्फावर डोळे दिपवणारा उजेड असतो, म्हणून कॅमेऱ्याचे एक्सपोजर (आत घेतला जाणारा प्रकाश) एक-दोन स्टॉप खाली आणावे (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा, एक वर म्हणजे दुप्पट), बर्फ निळसर आला तर तो कॅमेऱ्याचा दोष समजून यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी काच) लावावा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) ऑटोवर ठेवावा, फोटो रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, घेत असल्यास काळजीच नको, कारण सगळे नंतर सुधारता येते, आणि तरीही शंका आली तर कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहून ठरवावे. यातील प्रत्येक वाक्य ऐकायला पटण्यासारखे आहे. पण पहिले तर सरळ उलटे आहे, आणि सहलीहून परतलेल्या अल्बममधला मळकट, राखाडी बर्फ बहुतेक वेळा त्याच्याच कृपेने आलेला असतो.

उजेड जास्त म्हणून एक्सपोजर कमी, हा तर्क कॅमेऱ्यात मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारे यंत्र, नसते तर काही अंशी चालला असता. मीटर असताना उजेडाच्या प्रमाणाचा हिशेब आधीच झालेला असतो. शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांची जुळणी त्याने तो लख्ख उजेड मोजूनच केलेली असते. त्याला कळत नाही ती गोष्ट वेगळी आहे: समोरून येणारा उजेड प्रखर उन्हामुळे इतका आहे की वस्तूच पांढरी असल्यामुळे, हे केवळ परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला सांगता येत नाही. म्हणून ते एक ठोकताळा वापरते आणि समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या छटेचे, म्हणजे ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे असे धरून चालते. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के दृश्य प्रकाश परत पाठवतो. ९० भागिले १८ म्हणजे पाच पट, आणि पाच पट म्हणजे सुमारे सव्वादोन स्टॉप. फ्रेम बर्फानेच भरलेली असेल तर साधे मीटर एवढा प्रकाश स्वतःहून कापते आणि पांढऱ्याचे करडे करून ठेवते.

आकड्यांत पाहायचे तर एसआरजीबी या डिजिटल चित्रांच्या नेहमीच्या पद्धतीतल्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मोजपट्टीवर १८ टक्क्यांची छटा ११८च्या आसपास बसते आणि ९० टक्क्यांची २४३च्या आसपास. बर्फाची जागा २४३पाशी असताना मीटर त्याला ११८वर आणते, आणि सल्ला मानून आपण आणखी एक स्टॉप कमी केला की तोच बर्फ ८५पर्यंत घसरतो. ही ओल्या सिमेंटची छटा झाली. त्याच फ्रेममध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या गव्हाळ चेहऱ्याचे काय होत असेल याची कल्पना करता येईल.

पटत नसेल त्याने सहलीला निघण्यापूर्वी घरच्या गच्चीवर, भर उन्हात, पांढरी चादर वाळत घालून तिचा फ्रेमभर फोटो आधी शून्यावर आणि मग एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण स्टॉपमध्ये केलेली वाढ-घट) अधिक एक, अधिक दोन करून घ्यावा. वारीतल्या पांढऱ्या सदऱ्या-धोतरांच्या गर्दीचे जवळून घेतलेले फोटो अनेकदा मळके का दिसतात, याचे उत्तरही तिथेच मिळेल. (म्हैस फ्रेमभर घेतली तर गणित उलटे होते, ती शून्यावर राखाडी येते आणि तिथे खरोखरच एक्सपोजर कमी करावे लागते.)

हा सल्ला निव्वळ अज्ञानातून आलेला नाही, हेही मान्य करायला हवे. फिल्मच्या काळात मीटरशिवाय फोटो काढणाऱ्यांसाठी एक नियम होता: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओइतक्या अंकाचे, म्हणजे आयएसओ १००ला साधारण १/१००. बर्फ किंवा पांढरी वाळू असेल तर त्याच नियमात एफ/२२ सांगितलेले असे, म्हणजे एक स्टॉप कमी (अंक मोठा तितके छिद्र लहान). जुन्या जाणकारांच्या तोंडी असलेले ‘बर्फात एक कमी’ हे बहुधा इथले आहे. पण ते एक स्टॉप उन्हापासून मोजलेले होते, मीटरच्या आकड्यापासून नव्हे. त्याच उन्हातल्या बर्फावर आजचा कॅमेरा रोखला आणि शटर तेच ठेवले, तर मीटर एफ/१६पासून सव्वादोन स्टॉप खाली, म्हणजे एफ/३२च्याही पलीकडे जायला सांगेल. त्या तुलनेत एफ/२२ हे एक्सपोजर सव्वा ते दीड स्टॉपने जास्तच आहे. म्हणजे जुना नियम नीट मोजला तर तोही ‘अधिक’ करण्याच्याच बाजूचा निघतो.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि बर्फ दिसला की डोळे मिटून अधिक दोन करायला सांगतात. हेही तितकेसे बरोबर नाही. निकॉनच्या एफए या १९८३ सालच्या कॅमेऱ्यापासून दृश्याचे अनेक भाग पाडून मोजणारी मीटर आली, आणि आजची मीटर अतिउजळ दृश्य ओळखून काही भरपाई स्वतःच करून ठेवतात. त्यांच्यावर आणखी दोन स्टॉप चढवले की उन्हातल्या उतारावरचा पोत पुसला जाऊन कोरा कागद उरतो. शिवाय मार्चअखेरीचा जुना, मळलेला बर्फ ताज्याच्या निम्माच प्रकाश परत पाठवत असेल, आणि फ्रेममध्ये देवदारांची गर्द रांग असेल तर सरासरी आणखी खाली येते. स्पॉट मीटरने, म्हणजे दृश्याचा छोटासा भागच मोजणाऱ्या मीटरने, उन्हातल्या, पोत असलेल्या बर्फावर मोजून अधिक दोन करणे हा भरवशाचा मार्ग आहे. छायाचित्रकार आन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४०च्या सुमारास बांधलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडणाऱ्या झोन पद्धतीतही तिरप्या उन्हातला सर्वसाधारण बर्फ मधल्या करड्याच्या दोन पायऱ्या वर, सातव्या झोनमध्येच बसतो. पूर्ण दृश्य मोजणाऱ्या मीटरवर मात्र अधिक दोन-तृतीयांश ते अधिक सव्वा एवढ्यापासून सुरुवात करून हिस्टोग्राम (चित्रातल्या छटांचा आलेख, डावीकडे काळा, उजव्या काठाला पांढरा) पाहावा. मोबाइलवर बर्फाला बोट लावले की चित्र आणखी काळवंडते. चेहऱ्यावर बोट लावून बाजूची उजेडाची पट्टी थोडी वर-खाली करणे अधिक बरे.

आता निळेपणाचा आरोप. सावलीतल्या बर्फावर सूर्य पोहोचत नाही, पण आकाश पोहोचते. सूर्याचा थेट प्रकाश दुपारी ५,५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा मोठा तितका प्रकाश निळा) आसपास असतो, तर निरभ्र आकाशाचा १०,००० केल्विन आणि त्याही वर जातो. बर्फ जवळपास रंगहीन असल्याने जे पडेल ते तसेच परत पाठवतो, म्हणून त्याच्या सावल्या निळ्या असतात. आपला मेंदू ‘बर्फ म्हणजे पांढरा’ हे आधीच ठरवून तो निळा वजा करतो, कॅमेरा करत नाही, एवढाच फरक आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८६८-६९च्या हिवाळ्यात रंगवलेल्या ‘मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची सावली बर्फावर निळसर-जांभळी पडलेली आहे. १८६९च्या पॅरिस सलाँने, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते चित्र नाकारले होते. डोळसपणे पाहणाऱ्याला जे तेव्हा दिसले, त्याला आज कॅमेऱ्याचा दोष म्हणणे हास्यास्पद आहे.

यूव्ही फिल्टरने हा निळा जात नाही. फिल्मला अतिनील किरण जाणवत असत आणि उंचावर त्यामुळे खरोखरच निळसर धुरकटपणा येत असे, तेव्हा तो फिल्टर कामाचा होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे असलेला काचेचा थर ते किरण आधीच अडवतो, आणि सावलीतला निळा तर दृश्य प्रकाशाचाच आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर भिंगाचे ओरखड्यांपासून रक्षण करतो, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको.

ऑटो व्हाइट बॅलन्सचा सल्ला तर उजेडात पिवळेपणा आणतो. निळे आकाश आणि निळ्या सावल्या फ्रेमभर असतील तर ऑटो पद्धत हे निळे जास्त झाले असे समजून चित्र पिवळ्याकडे ढकलू शकते. सावली करडी होते आणि उन्हातला बर्फ जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसू लागतो. सूर्यास्ताच्या वेळी शिखरांवर येणारा गुलाबी रंगही याच पद्धतीने फिका पडतो. ऊन आणि सावली दोन्ही असलेल्या दृश्यात व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५,२०० ते ५,५०० केल्विनवर ठेवला की उन्हातला बर्फ पांढरा राहतो आणि सावलीला तिचा निळा मिळतो. सगळे दृश्यच सावलीत असेल, उदाहरणार्थ देवदारांच्या रानात किंवा दरीत ऊन उतरण्यापूर्वी, तर ७,००० ते ८,००० केल्विनपर्यंत जावे, किंवा त्याच सावलीत करडे कार्ड धरून त्यावरून बॅलन्स घ्यावा. तरीही थोडा निळा मी राहू देतो, कारण तो पूर्ण काढला की थंडीच निघून जाते.

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर खरोखरच बदलता येतो. तेवढ्यापुरता तो दावा खरा आहे. एक्सपोजरला तो लागू नाही. तीन स्टॉप कमी घेतलेल्या फाइलमध्ये प्रकाशच एक-अष्टमांश पोहोचलेला असतो, आणि तो संगणकावर उजळताना चेहरे, कपडे, झाडांचे बुंधे यांतले रंगीत दाणे त्याच्यासोबत उजळतात. दुसऱ्या बाजूला, बर्फाचा जो भाग सेन्सरवर पूर्ण भरून गेला, तिथला पोत रॉमध्येही शिल्लक नसतो.

मागच्या स्क्रीनवर पाहून ठरवण्याबद्दल फार लिहायला नको. बर्फाच्या झगमगाटात ती नेहमीच अंधारी दिसते आणि पोलराइज्ड गॉगल लावलेला असेल तर काही कोनांतून काळीच पडते. हिस्टोग्राम पाहावा, आणि शक्य असेल तर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचा वेगवेगळा पाहावा, कारण सावलीतल्या बर्फात निळा आलेख इतर दोघांच्या आधी उजव्या काठाला टेकतो. बर्फाचा ढीग काठाच्या अलीकडे, पण त्याच्या जवळ असावा. हायलाइटचा इशारा (पूर्ण पांढरे पडलेले भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवल्यावर उन्हाने चमकणारे दोन-चार कण लुकलुकले तर लुकलुकू द्यावेत. अख्खा उतार लुकलुकू लागला, की एक-तृतीयांश स्टॉप खाली यावे आणि पुन्हा फोटो घ्यावा.