गुरू करायचाय? आधी नीट बघून घे, भावा

आषाढ पौर्णिमेला व्हॉट्सॲपवर गुरुमहिम्याचा पूर येतो. यंदा आमच्या विहाराच्या ग्रुपवरही आला. त्यातच एका पोरानं विचारलं, "दादा, एका भंतेजींचे, म्हणजे बौद्ध भिक्खूंचे, व्हिडिओ बघतोय. त्यांचा शिष्य व्हायचंय. काय करावं लागतं?"

लगेच दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणाली, बाबासाहेबांनी बुद्ध दिलाय, मधे गुरू कशाला? बाकीचे म्हणाले, वस्तादाशिवाय कोण तालमीत उतरतं का?

मला दोन्ही पटलं नाही. ध्यान शिकायचं तर शिकवणारा लागतोच. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनीही त्रिशरण-पंचशील घेतलं ते वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून. पण हिंदू धर्म सोडायची घोषणा येवल्यात 1935 ला झाली होती. मधली 21 वर्षं! आणि आपण दोन रील बघून पाय धरायला निघालोय.

वस्तादाचं म्हणाल, तर त्याचा डाव तांबड्या मातीत सगळ्या गावाला दिसतो. भंतेजींच्या मनातलं कुणाला दिसणार? ह्यावर मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका संग्रहात, अख्खं वीमंसक सुत्त आहे. दुसऱ्याचं चित्त कळत नसेल तर डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका. वागण्यात मळ आहे का? चांगलं वागणं जुनं आहे की कालपरवाचं? नाव झाल्यावर माणूस बिघडला का? आणि ही तपासणी बुद्ध स्वतःचीच करायला सांगतो. व्हिडिओत ह्यातलं काय दिसतं? फॉलोअर्स तेवढे दिसतात.

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, शिष्याची कामं बारीक लिहिलीत. सकाळी दात घासायची काडी द्यावी, तोंड धुवायला पाणी द्यावं. त्याच यादीत हेही आहे की गुरूच्या डोक्यात चुकीची दृष्टी शिरली तर शिष्यानं ती काढायला मदत करावी. आपल्याकडं काडी-पाणी तेवढं लक्षात राहतं.

त्या पोराला म्हटलं, आधी हातकणंगल्याजवळ आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून ये. फी नाही, आणि शिबिर पुरं केल्याशिवाय नवख्याकडून दानही घेत नाहीत. हे ध्यान शिकवणारे गोएंका गुरुजी 2013 ला गेले, त्यांची प्रवचनं रेकॉर्डिंगवरच ऐकायची. सहायक आचार्यांना दुपारी प्रश्न विचारता येतात. संध्याकाळी नव्यांना चहा-फळं, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. पाय धरून घ्यायला तिथं कुणी बसलेलं नसतं. तासभर न हलता बसायला लावतात तेव्हा आपलेच पाय धरतात.

"मोबाईल पण जमा?"

"पण जमा."

त्यानंतरही तेच भंतेजी हवे असतील तर खुशाल जा. आता वर्षावास सुरू झालाय, तीन महिने ते एकाच विहारात असणार. लांबून व्हिडिओ बघण्यापेक्षा तिथं जाऊन चटई झाड, भांडी घास. दानाचा विषय निघाला की ते कसे बोलतात, आणि कुणी आडवा प्रश्न विचारला की कसे बोलतात, तेवढं कान देऊन ऐक.